पाचवी फेरी, पुन्हा एकदा

७ एप्रिल, सोमवार

ईदनंतरचा पहिला तास. निम्मा वर्ग अजून सुट्टीतच. आलेल्यांच्या कपड्यांना उदाचा वास. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत ए.सी. इतका गार, की मी स्वेटर घालून आंतरराष्ट्रीय मार्केटिंग शिकवतो. या मोसमात स्वेटर घालणारा अख्ख्या मस्कतमध्ये मी एकटाच असेन.

तिसऱ्या फेरीचा निकाल लावला. कंपनी एक, दोन, तीन ठीक. कंपनी चार लाल रंगात, म्हणजे तोट्यात. ही शमसाची कंपनी.

डॉ. झुवैना मागच्या बाकावर बसून बघत होत्या. पुढच्या वर्षी हा विषय त्या घेणार, मला दुसरा मिळणार. तासानंतर त्यांना खेळ समजावून दिला. तो सारांश इथेच टाकून ठेवतो, पुन्हा सांगायची वेळ येईल. वर्गाच्या चार कंपन्या. चौघी लोबानाचा साबण बनवतात. संगणकात चार बाजार : मोम्बासा, कोची, हॅम्बर्ग, जकार्ता. एक फेरी म्हणजे एक वर्ष. किंमत काय, वेष्टन कसं, माल कुठल्या देशात, जाहिरातीवर किती, हे मुलांनी ठरवायचं. कोणाचा साबण खपला ते संगणक सांगतो. फेऱ्या सहा. जिच्याकडचं भांडवल संपलं ती कंपनी बुडाली, खेळातून बाद. आणि कंपनी बुडाली की तिच्यातले सगळे विषयात नापास.

झु. : "हा शेवटचा नियम सॉफ्टवेअरचा?"

मी : "नाही. माझा."

गेल्या वर्षी एका गटाला कंटाळा आला, तर त्यांनी कंपनी मुद्दाम बुडवली आणि समुद्रावर पोहायला गेले. फोटोही टाकले. तेव्हा ठरवलं. नियम असला की सगळे सुतासारखे सरळ होतात. मला नियम आवडतो. नियमाला आडनाव दिसत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांच्या लेखी शुक्रवार हा कामाचा दिवस. त्यामुळे निर्णय भरायची मुदत दरवेळी शुक्रवारी दुपारी संपते, ऐन जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी. मी हाताने पुढे ढकलतो. ते रविवारी मला आठवण पाठवतात, 'सुट्टीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल क्षमस्व'. रविवारी माझे चार तास असतात.

झु. रोज थर्मास भरून कहवा आणतात. आज मी त्यांना ओतून दिला, आपल्या पद्धतीने, काठोकाठ. हसल्या. म्हणाल्या, "दोक्तोर, पूर्ण कप म्हणजे 'पी आणि नीघ'. तळाशी थोडा ओतायचा. पाहुणा बसला पाहिजे." इतकी वर्षं इथे काढली, किती जणांना हाकललं असेल मी.

१५ एप्रिल, मंगळवार

चौथी फेरी. कं. ४ अजून खाली. अशीच आणखी एक फेरी गेली की बुडाली.

दुपारी शमसा खोलीवर. एकटीच. तिच्या गटात आणखी दोघे आहेत. एकाला विमानतळावर पार्टटाइम नोकरी आहे, तो निदान निरोप तरी पाठवतो. दुसरा मुहन्नद. तो वर्गात झोपतो. घोरत नाही, एवढीच काय ती सभ्यता.

तोट्याचं कारण तिला माहीत आहे. मलाही. सगळा पैसा तिने मोम्बासात लावला. वेष्टन स्वाहिलीत. तिची आजी झांझिबारची, घरात अजून स्वाहिली बोलतात. पण सॉफ्टवेअरला वेष्टनावरच्या भाषेचं काही नाही. ते किंमत बघतं आणि जाहिरात बघतं. बाकीच्या तिघी आपला उरलासुरला माल मोम्बासात स्वस्तात ओततात, त्यात हिचं वेष्टन बुडतं.

"टीचर, माझी आजी साबण आधी नाकाला लावते, मग भाव विचारते. या सॉफ्टवेअरला नाकच नाही."

मी हसलो नाही, पण वाक्य लक्षात राहिलं.

मग मुद्द्यावर आली. शिष्यवृत्ती याच सत्रापुरती. सप्टेंबरपासून सोहारच्या बंदरात नोकरी ठरलीय, पण पदवी हातात पाहिजे. "मी नापास झाले तर नोकरी खलास. घरी शिकलेली पहिली मुलगी मी आहे. दुसरं वर्ष कोणी देणार नाही."

म्हणालो, दोन फेऱ्या बाकी आहेत, किंमत बघ, मोम्बासातून थोडी बाहेर नीघ.

"पण तिथे माझं बरोबर आहे, टीचर."

"असेल. पण खेळात नाही."

गेली. मी पुढचे पेपर तपासायला घेतले.

१८ एप्रिल, शुक्रवार

जयंती चौदाला झाली, इथे आज. सुट्टी तेव्हाच मिळते. रुवीतला नेहमीचा हॉल. इंजिनियर, अकाउंटंट, दोन डॉक्टर, सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना, मग भाषणं, मग पुरी-भाजी. दार्सैतहून येणारी मंडळी टॅक्सी मिळाली नाही म्हणून उशिरा आली आणि पहिल्या पंगतीला बसली.

आमच्या ओवीने मराठीत भाषण केलं. बारावीतली पोरगी, मराठी रोमन लिपीत लिहून आणली होती. 'विषमता' शब्दावर अडली, दम घेतला, पुन्हा म्हणाली. टाळ्या पडल्या. माझी आई गावाहून व्हिडिओ कॉलवर बघत होती. "चांगली बोलली पोरगी. एवढी घाई कशाची होती तिला?"

मलाही दोन शब्द बोलायला लावलं. नेहमीचंच बोललो. परीक्षेच्या पेपरवर आडनाव नसतं, नंबर असतो, त्या नंबरावर आपण इथवर आलो. लोकांनी माना डोलावल्या. सुजाता गाडीत म्हणाली, "तुम्ही दरवर्षी हेच बोलता." दरवर्षी खरंच असतं ते.

२२ एप्रिल, मंगळवार

पाचवी फेरी.

निकाल पडद्यावर आला आणि मी चष्मा पुसला. कं. १, कं. २, कं. ३, तिघींचा मोम्बासातला माल शून्य. तिघी एकाच फेरीत, एकाच वेळी बाजारातून बाहेर. मोम्बासात एकटी कं. ४. साहजिकच नफ्यात. शमसा वाचली.

योगायोग म्हणावा तर माझा योगायोगावर विश्वास नाही. विचारलं, मोम्बासा का सोडलं?

लपवाछपवी करतील असं वाटलं होतं. छे! हमद उठून उभा राहिला. कं. २ चा प्रमुख, शमसाच्या काकाचा मुलगा. छाती पुढे काढून सांगितलं, "टीचर, आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये बसलो. सब्लासारखे." सब्ला म्हणजे गावची बैठक, जिथे पुरुष बसून वाद मिटवतात. "आम्ही ठरवलं, या फेरीला मोम्बासा शमसाचं. तिची कंपनी मरत होती. मरू कशी देणार?"

"खेळात स्पर्धा आहे, हमद. आपसात ठरवणं नियमाविरुद्ध आहे."

"वल्ला टीचर, आमच्या गावात फलज आहे, पाण्याचा पाट. कोणाचा खजूर वाळायला लागला की दुसरे आपलं पाणी त्याला देतात. यात विरुद्ध काय?"

सगळा वर्ग खूश. मला वाटतं, मी शाबासकी देईन अशी त्यांची अपेक्षा होती. माझ्या हाताखाली आजवर पुष्कळ मुलांनी कॉपी केली, पण इतक्या मोकळ्या मनाने कोणी नाही.

शमसा मात्र बाकाकडे बघत होती.

आपसात संगनमत झालं तर सगळ्यांना शून्य आणि प्रकरण परीक्षा समितीकडे. हाही नियम आहे. हा माझा नाही, कॉलेजचा आहे.

२३ एप्रिल, बुधवार

कॅन्टीनमध्ये पोरांनी बळेच बसवलं. तहाची मेजवानी असल्यासारखं वातावरण. खजूर, कहवा, हमद सगळ्यांना ओततोय. शमसा शेजारच्या टेबलावर मैत्रिणींत. हमदने तिच्या टेबलावरही कप पाठवला. इथे कप रिकामा झाला की भरत राहतात, नको असेल तर कप हातात थोडा हलवायचा. शमसाने भरलेला कप ओठाला न लावता हलवला आणि खाली ठेवला.

हमदने बघितलं.

'आपली माणसं बसून ठरवतील' हे वाक्य माझ्या कानाला गोड लागत नाही. मी ज्या गावात वाढलो तिथेही माणसं बसून ठरवायची. आम्ही त्या बैठकीत कधी नव्हतो.

२४ एप्रिल, गुरुवार

समितीला कळवायचं तर आजच. अर्धं पत्र लिहिलं. झु. ना वाचायला दिलं, त्या समितीवर आहेत.

वाचून खाली ठेवलं. "तुम्ही लिहिलं ते खरं आहे. पण हमदने तुम्हाला अर्धंच सांगितलं."

त्या निझवाकडच्या. त्यांच्या गावातही फलज आहे, डोंगरातून गावात आणलेला पाट. म्हणाल्या, तिथे पाणी कोणी 'देत' नाही. प्रत्येकाची पाळी ठरलेली, बापाकडून आलेली. विधवेची पाळी, आईबाप नसलेल्या पोराची पाळी, कोणी हात लावायचा नाही. एखाद्याची बाग वाळायला लागली तर तो स्वतः जाऊन शेजाऱ्याकडे मागतो, शेजारी आपल्या पाळीतलं थोडं देतो, पुढे तो फेडतो. "त्यात उपकार नसतो, दोक्तोर. हिशोब असतो. आणि ज्याची बाग, त्याला विचारल्याशिवाय कोणी बांध फोडत नाही."

तास होता म्हणून त्या गेल्या. मी पत्र तसंच ठेवून बसलो.

आमच्या गावी विहिरीला पाळी नव्हती. आई सांगते, घागर घेऊन लांब बसायचं. कोणी आलं, त्याच्या मनात आलं, तर वरून ओतायचं. ओतणारी माणसं वाईट नव्हती, असंही ती सांगते. बायका चौकशी करायच्या, पोरंबाळं कशी आहेत म्हणून. मला तेच जास्त लागतं. वाईट असती तर राग तरी धरता आला असता. आज अचानक इतकं लागलं की उठून खिडकीशी गेलो. खाली नुसतं पार्किंग.

पत्र अपुरं. आता रविवारीच.

२७ एप्रिल, रविवार

पत्र पाठवणार तोच शमसा दारात. माझ्याआधी येऊन खाली थांबली होती, असं शिपाई म्हणाला.

"टीचर, पाचवी फेरी मागे घेता येते?"

येते. सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे, वीज गेली वगैरे तर फेरी पुन्हा खेळायला. मी कधी वापरलं नाही.

"मग घ्या. पुन्हा खेळू. कोणी काही सोडायचं नाही."

म्हणालो, तू बुडशील.

"माहीत आहे."

"नोकरी?"

तिचे डोळे भरले पण आवाज नाही बदलला. "हमद म्हणतो फलज. फलजमध्ये ज्याचं शेत त्याला विचारतात. मला कोणी विचारलं? मी पलीकडच्या टेबलावर होते, टीचर. हाक मारली असती तरी आले असते. ते गावी माझ्या वडिलांना सांगतील, आम्ही हिला पास केलं. मी आयुष्यभर ते ऐकू?"

पाणी दिलं. ती ते प्यायली.

पत्र नव्याने लिहिलं : वर्गात संगनमत झालं, मुलांनी स्वतःहून सांगितलं, ज्या कंपनीला फायदा झाला तिची प्रमुख ती फेरी रद्द करा म्हणते. सगळं खरं. पाठवलं.

२९ एप्रिल, मंगळवार

समितीचं उत्तर. सगळ्यांना ताकीद, फेरी रद्द, पुन्हा खेळावी. शून्य कोणालाच नाही. हे झु. चं काम असणार, त्या कबूल करत नाहीत.

वर्गात सांगितलं. एकदम गलका. हमद शमसाशी अरबीत बोलला, भराभर, मला दोनच शब्द कळले, 'आमची' आणि 'इज्जत'. तिने एका वाक्यात उत्तर दिलं. तो खाली बसला. ते वाक्य मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

४ मे, रविवार

पाचवी फेरी, पुन्हा. चारही कंपन्या चार कोपऱ्यांत. फोन माझ्या टेबलावर. मुहन्नद जागा होता, हे या सत्रातलं पहिलं आश्चर्य.

शमसाने वेष्टन बदललं नाही. किंमत थोडी उतरवली, पण मोम्बासा सोडलं नाही.

हमद माझ्याजवळ आला, हळूच. "टीचर, आकडे म्हणतात मोम्बासात घुसा. खरंच घुसू?"

"मला विचारू नकोस."

जागेवर गेला, आकडा भरला, खोडला. मग घुसला. सगळ्या ताकदीनिशी. मला त्याचा राग आला नाही. सोडलं असतं तर तिचा अपमान, घुसला तर तिचं नुकसान. पोरगा घामाघूम झाला होता, त्या ए.सी.त.

निकाल. कं. ४ बुडाली.

पडद्यावर लाल पट्टी, खाली वाक्य, 'आपली कंपनी बंद झाली आहे, पुन्हा प्रयत्न करा'. पुन्हा प्रयत्न करायला बटण मात्र नाही. शमसाने वही बंद केली. जाताना माझ्या टेबलावरून फोन उचलला आणि म्हणाली, "शुक्रन, टीचर."

कशाबद्दल आभार ते कळलं नाही. नंतर गाडीत कळलं, सीबच्या पुलावर : तिला कोणी सूट दिली नाही, त्याबद्दल. वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं.

६ मे, मंगळवार

सहावी फेरी, तीन कंपन्या. कं. १ जिंकली. नेहमी टाळ्या पडतात, आज पडल्या नाहीत. शमसा आली होती. तिला यायची गरज नव्हती. मागे डॉ. झुवैनांच्या शेजारी बसून बघत होती. कं. ३ ने मोम्बासात सरसकट सूट लावली, तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. तिचं बरोबर होतं, ते तिथे आपटले.

रात्री जेवताना विषय निघाला. ओवी : "बाबा, पण तू तिला फेल करणार? ती तर ऑनेस्ट राहिली ना."

"नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा."

"मग तूच चेंज कर ना. तुझा तर आहे." तिला एवढं सोपं वाटतं. सुजाता भात वाढत म्हणाली, "बदलायचा तर आधी बदलायचा होता. आता बदलला तर लोक म्हणणार, एकीसाठी बदलला." मला दोघींचं पटलं. माझी पंचाईत.

८ मे, गुरुवार

हमद खोलीवर. बसला नाही, उभा. "टीचर, तुमच्या हातात आहे. प्रेझेंटेशनचे मार्क अजून दिले नाहीत ना. तिला थोडे जास्त द्या, बेरजेत पास दाखवा. माझे कापा, चालेल. आमच्या सगळ्या गटाचे कापा. कोणाला कळणार?"

पोरगा भला आहे. मी चिडून बोललो नाही.

खरं तर सोपं होतं. कोणी विचारणार नाही. मार्क माझे, पेन माझं. वरून थोडे ओतायचे, खाली ओंजळ आहेच. दुपारभर ते डोक्यात घोळत राहिलं.

नाही करणार. तिला कळलं तर ती हलवून खाली ठेवेल. आणि नाही कळलं तर आणखी वाईट.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना, तिघंच. सुजाताने खीर केली. कॉलेजला जाताना डबा झु. ना दिला, त्यांनी वेलची कुठली आणली विचारलं. रुवीचीच, म्हणालो.

ठरलं. गाडीत ठरलं, सिग्नलला.

नियमच बदलायचा. कंपनी बुडाली म्हणजे नापास, हे काढायचं. ज्याची कंपनी बुडेल त्याची तोंडी परीक्षा, दोन परीक्षकांसमोर, त्यातला एक बाहेरचा : का बुडाली, काय चुकलं, कुठे खेळाचं गणित चुकीचं होतं आणि खऱ्या बाजारात काय झालं असतं. उत्तर देता आलं तर पास. नाही तर नाही. हे सगळ्यांना. या वर्षीही, पुढेही.

लिहिल्यावर लक्षात आलं, मुहन्नदलाही संधी मिळणार. तोच, झोपाळू. जरा चरफडलो. मग म्हटलं मिळू दे. हक्क म्हटला की आवडत्यालाच देता येत नाही.

१५ मे, गुरुवार

झु. नी प्रस्ताव वाचला. पेन्सिलने समासात खुणा केल्या. मग पेन्सिल ठेवली.

"दोक्तोर, एक विचारू? खेळ संपल्यावर नियम बदलणं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हणालो असतो, पक्षपात. सरळ तेच म्हणालो असतो. तिथल्या तिथे.

"मग?"

एवढंच सांगितलं, की नियम मी पोहायला जाणाऱ्यांसाठी केला होता, आणि लागला तो न पोहणाऱ्याला. चुकीच्या जागी लागणारा नियम नुसता जुना आहे म्हणून ठेवायचा का.

"हे समितीत बोला. मी मांडेन, पण मत देताना काय देईन ते आत्ता सांगत नाही." प्रामाणिक बाई. मला हेच आवडतं त्यांचं आणि याचीच भीतीही वाटते.

बैठक रविवारी.

१८ मे, रविवार

बैठक दुपारी. सत्राचे तास संपलेत, तरी सकाळी उगाच लवकर आलो. प्रस्तावाच्या प्रती काढल्या, पुन्हा वाचल्या. एक शब्द खोडला, परत लिहिला. समितीत पाचजण, त्यातले दोघे नक्की म्हणणार की आधी का नाही सुचलं. त्यांचं चूक नाही.

शमसा आली. कुठून तरी कळलं होतं. दारातच उभी.

"टीचर, हे माझ्यासाठी करताय?"

काय उत्तर पाहिजे ते मला माहीत होतं, पण द्यायचं म्हणून द्यायचं नव्हतं. विचार करून बघितलं. खरं तेच निघालं.

"नाही. तुझ्यामुळे सुचलं. पण मुहन्नदसाठीही आहे. पुढच्या वर्षी जो बुडेल त्याच्यासाठीही."

"मुहन्नदसाठी?" हसली. अख्ख्या सत्रात तिला हसताना बघितलं नव्हतं. "तो परीक्षकांसमोर झोपेल."

"झोपला तर नापास."

"आणि मला जमलं नाही तर?"

"तूही."

मान हलवली. "मग ठीक आहे." आणि खुर्ची ओढून बसली, स्वतःहून. म्हणाली, नियम मंजूर झाला तर परीक्षकांना तिला एक विचारायचंय, की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी मोम्बासाला कोणी गेलं होतं का. आणि नाही झाला तर? ते तिने विचारलं नाही.

झु. चा थर्मास टेबलावर होता. कप पुढे केला. तिने घेतला, प्यायली, आणि रिकामा कप पुन्हा माझ्याकडे धरला. हलवला नाही.

थोडाच भरला.

बोलावणं आलं. जातो.